बुद्धिबळ इंजिनमध्ये शह बसल्यावर चाली कशा काढायच्या: स्यूडो-लीगल, पूर्ण लीगल की वेगळा जनरेटर (चाली काढणारा कोड)?

स्यूडो-लीगलमध्ये मोहरे कसे चालतात एवढंच बघून सगळ्या चाली काढायच्या आणि आपला राजा शहात राहतो का ते चाल खेळून झाल्यावर तपासायचं. कोड छोटा राहतो, आणि अल्फा-बीटात (निकाल न बदलणाऱ्या फांद्या सोडून देणाऱ्या सर्चमध्ये) पहिल्या एक-दोन चालींतच कटऑफ मिळाला, म्हणजे पुढे बघायची गरज उरली नाही, की उरलेल्या चाली तपासायचं कामच वाचतं. पूर्ण लीगलमध्ये पिन झालेले (हलले तर आपल्याच राजाला शह बसेल असे) मोहरे, शह देणारा मोहरा, मधली घरं हे सगळं आधीच काढावं लागतं, पण मग यादी रिकामी आली की मात किंवा स्टेलमेट (शह नाही पण चालही नाही, म्हणून बरोबरी), विषय संपला.

पण राजा शहात असला की स्यूडो-लीगलचा फायदा उलटतो, कारण निघतात तीस-चाळीस चाली आणि त्यातल्या खेळता येतात जेमतेम चार-पाच, बाकी सगळा वेळ फुकट. म्हणून मी सांगेन की एरवी स्यूडो-लीगलच ठेवा आणि शहासाठी तेवढा वेगळा जनरेटर लिहा, स्टॉकफिश या इंजिनमध्येही अशीच विभागणी आहे.

तो लिहिणं अवघड नाही. दुहेरी शह असेल तर फक्त राजा हलवायचा. एकेरी असेल तर राजा हलवा, शह देणाऱ्याला मारा नाहीतर मध्ये काहीतरी घाला, आणि घोडा किंवा प्याद्याचा शह असेल तर मध्ये घालणं बादच. पिन झालेला मोहरा इथे मदतीला येऊच शकत नाही. राजाची घरं तपासताना मात्र राजाला पटावरून उचलून मगच हल्ले बघा, नाहीतर ई८ वरच्या हत्तीने ई४ वरच्या राजाला शह दिलाय आणि ई३ सुरक्षित दिसतंय असं होतं, कारण राजा स्वतःच आड येतो. आं पासां (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने मारणं) तर खास डोकेदुखी, एकाच आडव्या ओळीतून दोन प्यादी एकदम जातात आणि मागचा हत्ती मोकळा होतो, नेहमीच्या पिन तपासणीत हे सापडत नाही, तेवढी चाल खेळूनच बघा.

पर्फ्ट (ठरावीक डेप्थपर्यंत, म्हणजे तितक्या चालींनंतर, किती पोझिशन येतात ते मोजणारी चाचणी) चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका, सुरुवातीच्या पोझिशनला डेप्थ ५ वर ४८,६५,६०९ यायला हवेत, पण तेवढ्याने भागत नाही, किवीपीट या चाचणीच्या पोझिशनला डेप्थ ४ वर ४०,८५,६०३ आले पाहिजेत.

सर्चमध्ये शहात असताना नल मूव्ह (आपली चाल सोडून देऊन बघणं) नाहीच, पुढच्या चालीत राजाच मारला जाईल. क्विसन्समध्ये (सर्चच्या शेवटी मारामारी शांत होईपर्यंत पुढे बघण्यात) दोन पर्याय, फक्त मारामारीच्या चाली बघायच्या किंवा शहातून सुटायच्या सगळ्या. मी दुसराच घेईन, स्टँड पॅट (काही न खेळता आहे तेच मूल्यांकन धरणं) बंद ठेवून, कारण पहिल्यात राजाला साधं बाजूला सरकता येत असतं आणि इंजिनला ते दिसतच नाही. चेक एक्स्टेन्शन (शह असला की सर्च आणखी खोल नेणं) एका प्लायचं, म्हणजे एका बाजूच्या एका चालीचं, करून बघा, पण लागोपाठ शहांवर मर्यादा घाला, नाहीतर सर्चचं झाड फुगत जातं.