दोहाचा क्रूझ थांबा: जहाजाची बस नको, दोन रियालची मेट्रो पुरे

दुबईहून सुटणाऱ्या आखाती क्रूझवर दोहा लागलं की जहाजावरच्या सहलींच्या काउंटरपुढे रांग लागते. ‘शहरदर्शन, चार तास, वातानुकूलित बस.’ दोहासाठी ही बस घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. इथे जहाज शहराच्या अंगणातच उभं राहतं. मालवाहतूक हमाद बंदरात हलवल्यावर जुनं दोहा बंदर क्रूझ आणि पर्यटकांसाठी नव्याने बांधलं गेलं. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात याच धक्क्यावर क्रूझ जहाजं तरंगती हॉटेलं म्हणून उभी होती. टर्मिनलबाहेर पडलं की मिना भागातली फिक्या गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगांची बुटकी घरं सुरू होतात. राष्ट्रीय आणि इस्लामी कला ही दोन्ही मोठी संग्रहालयं दीड-दोन किलोमीटरवर, जुना बाजार सूक वाकिफ अडीच-तीनवर. बस तुम्हाला तिथेच नेते, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं देते आणि नेमकी दुपारी, बाजार बंद असताना, बाजारात सोडते.

निघण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा, कारण इथेच लोक सर्वांत जास्त अडकतात.

पहिली व्हिसाची. दुबईत चढून दोहा करून पुन्हा दुबईत किंवा अबू धाबीत उतरायचं असेल, तर भारतीय पासपोर्टला यूएईचा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा जहाजाने यूएई सोडताच संपतो. असा व्हिसा असेल तर चेक-इनच्या खिडकीवरूनच परत पाठवतात. तिकीट एका एजंटकडून आणि व्हिसा स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्याकडून काढला की हा घोळ होतो. कतारसाठी काय लागेल, हे क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्या.

दुसरी घड्याळाची. दोहाची वेळ दुबईच्या एक तास मागे असते. काही जहाजं आपलं घड्याळ बदलतात, काही दुबईच्याच वेळेवर चालतात. मोबाइल मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळताच आपोआप दोहाची वेळ दाखवू लागतो. जहाज दुबईच्या वेळेवर असेल आणि परतण्याची वेळ साडेपाच असेल, तर मोबाइलवर साडेचार वाजता तुम्ही धक्क्यावर हवेत. मोबाइलवर साडेपाच वाजेपर्यंत थांबलात तर जहाजावर साडेसहा झालेले असतात आणि शिडी उचललेली असते. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा आणि दिवसभर तेच पाहा.

आता खर्च. मेट्रोचं साधं कार्ड १० रियालला, एका फेरीला २ रियाल, दिवसभरात कितीही फिरलात तरी ६ रियालच्या वर कापत नाहीत. चौघांचं कुटुंब कार्डांसकट ६४ रियालमध्ये दिवसभर हिंडतं. रियाल डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला आहे. रुपयांत एक रियाल चोवीसच्या आसपास धरा, म्हणजे सगळे मिळून दीड हजार रुपयांच्या थोडं वर. लक्षात ठेवायची ती गोल्ड लाइन: नॅशनल म्युझियम, सूक वाकिफ, मुशैरब अशी ओळीने तीन स्थानकं. मुशैरबला तिन्ही लाइन मिळतात. टॅक्सीला किमान भाडं १० रियाल. फिरोजी रंगाची करवा टॅक्सी मीटरने जाते. बंदराच्या दारात कोणी ‘पूर्ण दिवसाचे इतके’ म्हणू लागला तर मीटर लावायला सांगा, नाहीतर पुढे चला.

सकाळी सर्वांत आधी कतारचं राष्ट्रीय संग्रहालय. २०१९मध्ये उघडलेली, वास्तुकार ज्याँ नूव्हेल यांची ही इमारत वाळवंटातल्या ‘गुलाबा’वर बेतलेली आहे. खाऱ्या, ओलसर वाळूत जिप्समचे पातळ स्फटिक एकमेकांत घुसून वाढतात आणि पाकळ्यांसारखा दगड तयार होतो. तशाच ५३९ तबकड्या एकमेकींत घुसवून ही वास्तू उभी केली आहे. आत भिंती तिरक्या आहेत, जमीन हलकेच चढते-उतरते आणि सगळी दालनं मिळून चाल जवळजवळ दीड किलोमीटरची. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी हे आधीच धरून चालावं आणि व्हीलचेअरची चौकशी प्रवेशापाशीच करावी. मध्येच दमून परत फिरणं जास्त लांब पडतं.

मराठी माणसाने इथे यायचं ते एका वस्तूसाठी, आणि तिच्यापुढे किमान वीस मिनिटं थांबायचं. मोत्यांच्या दालनात बडोद्याची मोत्यांची चादर आहे. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास ती करवून घेतली, मदिनेत पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी. १८७०मध्ये खंडेराव गेले आणि चादर मदिनेला गेलीच नाही. रेशीम आणि हरणाच्या मऊ कातड्यावर पंधरा लाखांच्या वर मोती शिवलेले आहेत. लांबून ती फिकट दुधी गालिच्यासारखी दिसते. जवळ गेलात की ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक मोती दिसतात, ओळीने, एकाला एक चिकटून; मधूनमधून रंगीत काचमण्यांच्या वेली, आणि मधोमध हिऱ्यांची तीन मोठी फुलं. शक्य तितकं वाकून, तिरप्या कोनातून पाहा. समोरून दिव्याचा उजेड सपाट पडतो, बाजूने पाहिलं की प्रत्येक मोत्याची वेगळी छटा कळते.

आपल्याकडे आजीच्या नथीत किंवा तन्मणीत ज्याला ‘बसरा मोती’ म्हणतात, तो हाच. ही मोती कतार-बहरीनच्या समुद्रातून निघायची आणि व्यापार मुंबईच्या बाजारात व्हायचा. कतारमध्ये १९६६पर्यंत रुपयाच चालत होता. त्याच दालनांत पाणबुड्यांची कथा आहे: नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर, भर उन्हाळ्यातले चार महिने समुद्रावर. जपानी संवर्धित मोती बाजारात आले आणि १९३०च्या दशकात हा धंदा बसला. हे आधी पाहून चादरीपुढे उभं राहा. उलट क्रमाने गेलात तर ती नुसती श्रीमंती वाटते.

संग्रहालयाला अडीच तास द्या. बाहेर पडाल तेव्हा दुपार झालेली असेल, आणि इथे आणखी एक चूक होते: लोक सूक वाकिफला जातात. हा बाजार दुपारी बाराएकपासून चारच्या सुमारापर्यंत बहुतांशी बंद असतो. खाण्याची दुकानं उघडी असतात, पण शटर पाहत हिंडण्यात अर्थ नाही. या वेळेत इस्लामी कला संग्रहालय करा. टॅक्सीने किमान भाड्यातच पोचाल. २००८मध्ये उघडलेली ही वास्तू आय. एम. पेई यांनी नव्वदी गाठताना बांधली. शेजारी दुसरी उंच इमारत कधी येऊ नये म्हणून त्यांनी ती समुद्रात भर घालून, स्वतंत्र बेटावर बसवून घेतली. आत गेल्यावर लगेच दालनांकडे वळू नका. मधल्या चौकात उभं राहून वर घुमटाकडे पाहा: चौकोन अष्टकोनात, अष्टकोन वर्तुळात कसा उतरत जातो ते एका नजरेत दिसतं. समोरच्या ४५ मीटर उंच काचेतून पलीकडचे वेस्ट बेचे मनोरे दिसतात. संग्रहात मुघल जेडचं सुंदर काम आहे. वेळ थोडा असेल तर धातुकाम आणि हस्तलिखितं निवडा.

चारनंतर सूक वाकिफ. नावाचा अर्थ ‘उभा बाजार’. व्यापारी उभ्यानेच माल विकत. २००३च्या आगीनंतर तो जुन्या पद्धतीने पुन्हा बांधला गेला, त्यामुळे भिंती दिसतात तितक्या प्राचीन नाहीत, पण व्यवहार खरा आहे. स्थानिक लोक इथेच मसाले, मध, खजूर, अत्तर घेतात. एकचाकी हातगाड्या ढकलणारे वयस्कर हमाल दिसतील, आणि शब्दही तोच आहे, आपल्याकडे अरबीतूनच आलेला. ससाण्यांच्या गल्लीत जरूर जा. कातडी टोप्या घातलेले पक्षी वाळूत रोवलेल्या खुंट्यांवर ओळीने बसलेले असतात. फोटोआधी दुकानदाराला विचारा, फ्लॅश बंद ठेवा, स्वतःहून हात लावू नका.

खायचं काय? रगाग. तापलेल्या गोल तव्यावर बाई पिठाचा ओला गोळा तळहाताने फिरवत नेतात. डोशाचं पीठ पळीने पसरतो तसं, फक्त इथे पळी नाही आणि थर कागदाइतका पातळ. कडा सुटल्या की वर अंडं, चीज किंवा मध, दुमडून हातात. शाकाहारी असाल तर अंडं नको हे तव्यापाशीच सांगा. एकदा फोडलं की वेगळं होत नाही. सोबत करक चहा. करक म्हणजे आपलाच ‘कडक’, डब्यातल्या आटीव दुधाचा, वेलची घातलेला आणि गोड. साखर कमी मागितलीत तरी बऱ्याच ठिकाणी उकळलेल्यातच ती असते. मासे खाणाऱ्यांनी मिना भागातला मासळीबाजार गाठावा. तिथला हामूर म्हणजे आपला गोब्रा, काही जण त्याला हेकरू म्हणतात. सुरमईला कनाद म्हणतात.

जहाजाची सहल कधी घ्यावी? वाळवंटात जायचं असेल तेव्हा, आणि फक्त तेव्हाच. खोर अल अदैद, म्हणजे वाळूच्या टेकड्यांमध्ये घुसलेला समुद्र, सौदी सीमेजवळ आहे आणि शेवटचा टप्पा रस्त्याविना पार करावा लागतो. वाळू लागण्याआधी चालक टायरमधली बरीच हवा काढतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. परतताना पुन्हा भरतात. या दोन्ही थांब्यांत वेळ जातो. गाडी रुतली तर आणखी. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरून ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ही सहल टाळावी. उताराचे धक्के थेट मणक्याला बसतात.

थांबा शुक्रवारी असेल तर वरचा क्रम बदला. शुक्रवारी संग्रहालयं दुपारी दीडला उघडतात आणि मेट्रोही इतर दिवसांसारखी पहाटेपासून नसते. सकाळ मिना आणि समुद्रकाठच्या कॉर्निशवर घालवा, दुपारी राष्ट्रीय संग्रहालय, संध्याकाळी बाजार. दुसरं संग्रहालय सोडून द्या. इतर दिवशीही एखादं संग्रहालय साप्ताहिक सुट्टीला बंद असू शकतं, म्हणून तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढा. ज्या दिवसाचं मिळत नाही, त्या दिवशी ते बंद आहे हे तेव्हाच कळतं.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. ई-सिगारेट उतरताना खोलीतच ठेवा, कतारमध्ये बंदी आहे. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बॅगेत नको. घरच्या लाडवांत खसखस असेल तर तेही नकोत. आखातातल्या अनेक देशांत ती बंदी असलेली वस्तू आहे.

जहाज रात्रभर मुक्कामाला असेल तर दुसऱ्या दिवशी मुशैरबहून ग्रीन लाइन धरा. एज्युकेशन सिटीत पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं संग्रहालय नोव्हेंबर २०२५मध्ये उघडलं आहे. त्यांनी २०१०मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं होतं. काचेच्या घोड्यांची त्यांची फिरती, यांत्रिक कलाकृती ‘सीरू फी अल अर्द’ याच परिसरात आहे. एक स्थानक आधी, कतार नॅशनल लायब्ररीला उतरलात तर रेम कूलहास यांनी रचलेलं ग्रंथालयही वाटेत होतं. दुर्मीळ ग्रंथांचा विभाग तिथे उत्खननासारखा जमिनीत खोल उतरवलेला आहे, आणि प्रवेशाला तिकीट नाही.