एलएफटीची घरपोच सेवा: रक्त उत्तम घेतात, रेंजचा रकाना कच्चा

कोल्हापुरातल्या एका मध्यम आकाराच्या लॅबची घरी येऊन रक्त घेण्याची सोय आणि तिचा एलएफटी (लिव्हरच्या रक्ततपासण्यांचा संच) रिपोर्ट, या दोन्हींबद्दल हे लिहीत आहे.

रक्त घेण्याच्या कामाला पूर्ण गुण. दंडाचा पट्टा मिनिटभराच्या आत सोडला. तो जास्त वेळ आवळलेला राहिला तर प्रोटीन आणि अल्ब्युमिन खोटेच वाढलेले दिसतात. जेलची नळी हलकेच उलटसुलट केली, खळखळ हलवली नाही. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एलएफटीत मोजली जाणारी लिव्हरची एन्झाइम्स; त्यातलं एसजीओटी तांबड्या पेशींतही भरपूर असतं. पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरतं आणि लिव्हर ठणठणीत असूनही आकडा चढतो. नळ्या बंद पेटीतून नेल्या, हेही बरोबर, कारण उजेडात बिलीरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) कमी होत जातं.

एक प्रश्न मात्र विचारला नाही, आणि तालमींच्या या गावात तो आधी विचारायला हवा: गेल्या काही दिवसांत व्यायाम किती झाला? जोर-बैठका, लढत किंवा जिममधलं वजन यांनी स्नायूंतलं एसजीओटी आणि थोडं एसजीपीटीही रक्तात येतं. सवय नसलेल्या माणसात ते आठवडाभरसुद्धा वर राहू शकतं. सोबत सीपीके (स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी) केली की उलगडा होतो. नाहीतर धडधाकट पोरगा कावीळ झाल्यासारखा घाबरून डॉक्टरांकडे धावतो.

खरी तक्रार रिपोर्टाबद्दल आहे. एसजीपीटीपुढे स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच मर्यादा छापली आहे: ४५ पर्यंत नॉर्मल. ही कुठून आली विचारल्यावर काउंटरवर उत्तर मिळालं, ‘किटच्या (तपासणीच्या तयार रसायनसंचाच्या) कागदावरची आहे.’ तेवढ्यावर भागत नाही. रेंज, म्हणजे नॉर्मलची खालची-वरची मर्यादा, ठरवायची रीत अशी: प्रत्येक गटातल्या (जसे स्त्रिया, पुरुष) किमान १२० निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के धरायचे. एवढं करणं लहान लॅबला झेपत नाही, हे मान्य. पण किटची रेंज २० निरोगी स्थानिक माणसांवर पडताळता येते. दोघांपेक्षा जास्त आकडे बाहेर गेले नाहीत तर ती चालते. जास्त गेले तर आणखी २० जण घ्यायचे. हे काम कुठल्याही लॅबच्या आवाक्यातलं आहे. ते इथे झालंय का, याचं उत्तर मिळालं नाही.

‘निरोगी’ कुणाला म्हणायचं, तिथेच सगळी मेख आहे. फॅटी लिव्हर बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळे अशी माणसं निरोगी गटात बेमालूम शिरतात आणि वरची मर्यादा फुगवतात. मिलानमध्ये रक्तदात्यांच्या नोंदींतून असा धोका असलेले लोक वगळले, तेव्हा एसजीपीटीची मर्यादा पुरुषांत ४० वरून ३० वर आणि स्त्रियांत ३० वरून १९ वर आली. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ ही वरची मर्यादा सांगितली. म्हणजे या रिपोर्टात ३८ एसजीपीटी असलेली बाई ‘नॉर्मल’ ठरून घरी जाईल, आणि तिचं वजन, साखर, सोनोग्राफी कुणी पाहणारच नाही.

उलट बाजूही आहे. व्याख्येनुसारच १०० पैकी ५ निरोगी माणसं रेंजबाहेर पडतात. दहा स्वतंत्र चाचण्या धरल्या तर एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. एलएफटीतल्या चाचण्या एकमेकींशी बांधलेल्या असल्याने प्रत्यक्षात ती कमी, पण एका किरकोळ ठळक आकड्याने हबकू नये.

तपासणीची पद्धतही रिपोर्टावर नाही. रसायनात पायरिडॉक्सल फॉस्फेट (बी-६ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) नसेल, तर बी-६ कमी असलेल्या माणसाचं एसजीपीटी कमी भरतं. म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. फेरतपासणी त्याच लॅबमध्ये करा. अल्कलाइन फॉस्फेटेज या एलएफटीतल्याच, हाडांतही असणाऱ्या एन्झाइमलाही सगळ्यांना एकच रेंज, तेव्हा वाढत्या वयाची मुलं आणि गरोदर बायकांनी तो आकडा डॉक्टरांना दाखवूनच समजून घ्यावा.

नमुन्यासाठी ही लॅब खुशाल निवडा. एसजीपीटीचा निकाल वाचताना मात्र छापील ४५ बाजूला ठेवून २०१७ च्या त्या मर्यादा धरा, आणि रक्त देण्याआधी आठवडाभर जड व्यायाम थांबवा.