पिस्तूल लपतं ते शर्टामुळे नाही, बेल्टमुळे (कायडेक्स होल्स्टर, बेल्ट आणि मॅगझिन पाऊच, आठ महिने वापरून)

आम्ही ह्युस्टनजवळ गॅस स्टेशन चालवतो, रात्री गल्ला मोजून कॅश घेऊन निघायचं म्हणजे मी एकटाच असतो, म्हणून पिस्तूल बाळगायचं लायसन्स काढलं. टेक्सासमध्ये २०२१ पासून लायसन्सशिवायही कॅरी करता येतं, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगता येतं, तरी मी क्लास केला आणि ५० राउंडची (गोळ्यांची) परीक्षा दिली, कारण कायदा नीट कळायला हवा होता. एक आधीच सांगतो, एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, तेव्हा हे सगळं ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप झाल्यावरच.

पिस्तूल ग्लॉक ४३एक्स. दहा राउंडचं, भरलेलं साधारण ६५० ग्रॅम, आणि जेमतेम २८ मिलिमीटर जाड. इतकं बारीक आहे म्हटल्यावर मला वाटलं कशातही लपेल, म्हणून आधी ऑनलाइन एक स्वस्त कापडी होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं कव्हर) घेतलं आणि घरातलाच ऑफिसचा चामडी बेल्ट लावला. महिनाभर नुसता त्रास. पिस्तूल बाहेर काढलं की होल्स्टरचं तोंड मिटायचं, परत ठेवताना दुसऱ्या हाताने उघडावं लागायचं (हे खरंच धोक्याचं आहे), आणि बेल्ट वजनाने खाली ओघळायचा म्हणून मी दिवसभर पँट वर ओढत राहायचो. एकदा इंडियन ग्रोसरीत आट्याची पिशवी उचलायला वाकलो तर ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "काय रे, कंबर धरलीय का, पट्टा बांधलायस?" त्यांना पिस्तूल कळलं नाही पण काहीतरी बांधलंय हे दिसलं ना! त्या दिवशी घरी येऊन ते होल्स्टर कचऱ्यात टाकलं.

मग इथल्याच एका छोट्या वर्कशॉपमधून हा सेट बनवून घेतला. होल्स्टर ८० डॉलर, बेल्ट ५५, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) ठेवायचा पाऊच ३५. होल्स्टर कायडेक्सचं म्हणजे कडक प्लॅस्टिकचं आहे, ट्रिगर पूर्ण झाकला जातो आणि पिस्तूल बसलं की 'टक्' असा आवाज येतो. पुढच्या बाजूने, बेंबीच्या थोडं उजवीकडे लावतो. बाजूला एक पंखासारखा तुकडा आहे त्याला क्लॉ म्हणतात, तो बेल्टच्या आतून दाबला जातो आणि पिस्तुलाची मूठ पोटाकडे वळवतो. बाहेर दिसते ती कायम मूठच, नळी नाही, आणि हे मला आठ महिन्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. नळीच्या मागे फोमची उशी (वेज) चिकटवलीय, तिने नळीचं टोक शरीरापासून थोडं लांब राहतं आणि मूठ अजून आत जाते, शिवाय मांडीला टोचतही नाही.

पण खरे पैसे वसूल झाले ते बेल्टमध्ये. नायलॉनचा, आत कडक पट्टी, भोकं नाहीत, अगदी पाव इंचाने घट्ट-सैल होतो, त्यामुळे जेवण झाल्यावर एक खटका सैल केला की झालं. वजन सगळं बेल्ट घेतो, पँट जागची हलत नाही. आता मी नेहमीच्याच मापाचे चेक्सचे शर्ट घालतो, ढगळ काही नाही. फक्त काही उचलायचं असेल तर कंबरेतून न वाकता गुडघ्यात बसतो.

मॅगझिन पाऊच डाव्या बाजूला, गोळ्यांची टोकं पुढे. आधी मी जास्तीचं मॅगझिन खिशात किल्ल्यांबरोबर टाकायचो, त्यात कापसासारखा कचरा जाऊन बसायचा आणि खिशात आडवं व्हायचं. पाऊचमध्ये ते मोबाइलच्या कव्हरइतकंही जाणवत नाही.

तक्रारी आहेत. गाडीत तासाभराच्या वर बसलं की पोटाला दाबतं, होल्स्टरची उंची त्याच्या क्लिपच्या एका भोकाने खाली केल्यावर बरं वाटलं. पूजेला मांडी घालून बसणं जमत नाही, पण मंदिरात मी नेतच नाही, पोस्ट ऑफिस आणि मुलांच्या शाळेतही नाही. गाडीत केबलने बांधलेली छोटी तिजोरी ठेवलीय, त्यात कुलूपबंद. घरी आलं की होल्स्टरसकट तिजोरीत, मुलं आहेत घरात, इथे तडजोड नाहीच, आणि टेक्सासचा कायदाही १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती बंदूक लागू दिली तर पालकाला जबाबदार धरतो.

आणि परत ठेवताना घाई अजिबात नको. शर्ट पूर्ण वर, बोट ट्रिगरपासून लांब, डोळ्यांनी बघत हळू. पुढून लावणाऱ्याने तर हे रोज रिकाम्या पिस्तुलावर करून बघावं, मी पहिले दोन आठवडे तेच केलं, भरलेलं नंतर.

क्लॉचा स्क्रू दोनदा सैल झाला होता, थ्रेडलॉकरचा (स्क्रू घट्ट धरणाऱ्या गोंदाचा) थेंब टाकल्यापासून हललेला नाही. डावखुऱ्यांसाठीही बनवून देतात, पण ऑर्डर दिल्यावर पाच आठवडे लागले.