टावीआधी सीटी, अन्ननलिकेतला इको की एमआरआय?

घरातल्या वयस्कर माणसाला आखडलेल्या एऑर्टिक व्हॉल्व्हसाठी टावी, म्हणजे छाती न उघडता धमनीतून नवा व्हॉल्व्ह बसवणं, सुचवली जाते आणि लगेच डॉक्टर सीटी अँजिओ, म्हणजे डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य) देऊन केलेला सीटी, लिहून देतात. नातेवाईक विचारतात, टूडी इकोत (छातीवरून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हॉल्व्ह खराब दिसलाच आहे, मग पुन्हा डाय टाकून सीटी कशाला? किडनीवर ताण आला तर? शंका रास्त आहे. माझं मत आधीच सांगते: किडनी ठीक असेल तर सीटीच करा, त्यात घोळ घालू नका. खरा विचार करावा लागतो तो क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी कमजोर असलेल्या रुग्णासाठी.

टूडी इकोचं काम वेगळं आहे. व्हॉल्व्हमधून रक्त सेकंदाला 4 मीटर किंवा त्याहून वेगानं जातंय, दाबातला सरासरी फरक पाऱ्याच्या 40 मिमीच्या पुढे आहे, तोंड 1 चौरस सेंमीपेक्षा लहान झालंय, हे तो सांगतो. म्हणजे व्हॉल्व्ह बदलायचा का, ते इकोवरून ठरतं. कोणत्या मापाचा बसवायचा, हे त्यावरून ठरवू नये. छाती उघडून ऑपरेशन करताना सर्जन व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या कड्यात प्रत्यक्ष मापक घालून बघतो. टावीत व्हॉल्व्ह मांडीतल्या धमनीतून वर न्यायचा असतो, हाताला काहीच लागत नाही. सगळं माप आधी चित्रावरच घ्यावं लागतं.

आणि ते कडं गोल नसतं, लांबट असतं. समजा ते एका बाजूनं 21 आणि दुसऱ्या बाजूनं 27 मिमी आहे. खरं क्षेत्रफळ साधारण 445 चौरस मिमी. इकोत बहुतेक वेळा आखूड बाजूच दिसते. तिलाच व्यास धरून गोल काढला तर 346 येतात. एवढ्या फरकानं व्हॉल्व्हचा आकडाच बदलतो. लहान बसला तर कडेनं रक्त गळतं, क्वचित व्हॉल्व्ह निसटतोही. मोठा बसवला तर कडं फाटू शकतं, आणि कड्याच्या खालच्या भागात कॅल्शियमचे खडे असतील तर हा धोका वाढतो. वापीच्या मेरिल कंपनीचा मायव्हाल हा टावीचा व्हॉल्व्ह दीड-दीड मिमीच्या अंतरानं मिळतो. ही सोय तेव्हाच कामाची, जेव्हा मोजमाप तितकं नेमकं असतं.

सीटीचा मोठा फायदा म्हणजे एकाच वेळी हृदयापासून जांघेपर्यंतचं सगळं दिसतं. हृदयाच्या धमन्यांची तोंडं कड्यापासून किती उंचावर आहेत? 10–12 मिमीपेक्षा खाली असतील तर नवा व्हॉल्व्ह उघडताना ती झाकली जाण्याची भीती असते. मांडीतली धमनी किती रुंद आहे? बऱ्याच व्हॉल्व्हना 5 ते 5.5 मिमी तरी लागते. व्हॉल्व्ह जन्मतः दोन पाकळ्यांचा आहे का, हेही कळतं. फक्त सीटी ईसीजीशी जोडून घेतलेला असावा. साध्या पद्धतीनं काढलेल्या छातीच्या सीटीत धडधडणारं कडं पुसट येतं, त्यावरून माप घेऊ नये. क्ष-किरणांची काळजी मात्र पंच्याहत्तरीच्या माणसाबाबत करू नका. इथे ती निर्णयाच्या आड यायला नको.

अन्ननलिकेतून केलेल्या थ्रीडी इकोत कड्याचं माप सीटीच्या जवळपास येतं. डाय नाही, किरण नाहीत. पण गुंगी द्यावी लागते, कॅल्शियमच्या सावलीत काही भाग हरवतो आणि मांडीच्या धमन्या दिसतच नाहीत. गळती किती आहे, मायट्रल व्हॉल्व्ह कसा आहे, हे बघायला मात्र तो सरस.

एमआरआयला मी तिसरं स्थान देते. डायशिवायही कड्याचं चांगलं माप मिळतं, पण कॅल्शियम नीट दिसत नाही, बराच वेळ निश्चल पडून राहावं लागतं, जुना पेसमेकर असेल तर अडचण येते. टावीसाठी एमआरआय वाचण्याचा सराव असलेली टीम असेल तरच तो मार्ग धरा.

आता किडनी. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर थेट नकार देण्याआधी विचारा: कमी डायमध्ये सीटी होईल का? एरवी 50 ते 100 मिली लागतो. नव्या यंत्रांवर आणि अनुभवी हातात त्याहून कमी पुरतो. तेही नको असेल तर थ्रीडी इकोनं कडं मोजायचं आणि डायशिवाय साधा सीटी काढून पायांच्या धमन्यांतलं कॅल्शियम आणि वळणं बघायची. त्यात धमनीची आतली रुंदी नीट कळत नाही, पण जोड म्हणून उपयोगी पडतो. कोरोनरी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांची तपासणी, तिलाही डाय लागतो) आणि सीटी एकाच दिवशी उरकू नका. मध्ये क्रिएटिनिन पुन्हा तपासू द्या. सलाईन किती द्यायचं हे कार्डिऑलॉजिस्टलाच ठरवू द्या, कारण आखडलेला व्हॉल्व्ह आणि थकलेलं हृदय असताना जास्त पाणी फुप्फुसात साचतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आधीच सांगा. जे कायमच्या डायलिसिसवर आहेत आणि ज्यांना लघवीच होत नाही, त्यांना डायच्या भीतीनं सीटी टाळण्याचं कारण उरत नाही.

कोणतीही तपासणी करा, नुसत्या कागदी रिपोर्टवर भागवू नका. तपासणीच्या मूळ चित्रांच्या डायकॉम फाइल्स सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर त्या फाइल्सवरून ते स्वतः कडं पुन्हा मोजू शकतात आणि दुसऱ्यांदा डाय टोचावा लागत नाही.