केबलच्या तक्त्यावरून नेटवर्कचं चित्र: ग्राफविझ, मर्मेड की आणखी काही?

फोंड्यातलं कॉलेज असो, वेर्ण्याची फॅक्टरी असो की कळंगुटचं हॉटेल, नेटवर्क बघणाऱ्या माणसाकडे एक एक्सेल शीट असतेच, कुठला स्विच, कुठला पोर्ट, तिथून केबल कुठे गेली. आणि भिंतीवर एक चित्र असतं, कोणीतरी कधीतरी माउसने ओढून काढलेलं, ते पहिल्या गडगडाटात दोन स्विच गेले आणि नवे बसवले की जुनं झालंच म्हणून समजा. शीटवरूनच चित्र निघायला हवं असं ज्यांना वाटतं पण नक्की काय वापरावं ते ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधी एकच प्रश्न विचारा: केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट नंबर चित्रात दिसायला हवेत का? माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय इथेच होतो.

तक्ता मात्र काहीही वापरलं तरी नीट लागतो. एका ओळीत एक केबल, म्हणजे हे यंत्र, त्याचा पोर्ट, ते यंत्र, त्याचा पोर्ट, व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क), शेरा. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल, म्हणून सेव्ह करा, पायथनमध्ये ती वाचून प्रत्येक केबलसाठी चित्र काढणाऱ्या टूलला समजेल अशी ओळ छापणारा छोटा स्क्रिप्ट लिहा, झालं. एकाच स्विचचं नाव दोन ठिकाणी वेगळं लिहिलं असेल तर चित्रात दोन चौकोन येतात, आणि हा मला मोठा फायदा वाटतो, कारण शीटमधली अशी चूक नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही.

आता ग्राफविझ, मजकुरात लिहिलेल्या जोडण्यांवरून चित्र काढणारं टूल. एटी अँड टीच्या लॅबमधून आलेलं, नव्वदच्या दशकापासूनचं, फुकट आणि ओपन सोर्स. पोर्टचा प्रश्न ते सरळ सोडवतं, लाइनीच्या एका टोकाला टेललेबल आणि दुसऱ्या टोकाला हेडलेबल देता येतं, म्हणजे इकडे चोवीस आणि तिकडे एक असं जिथल्या तिथे दिसतं, रॅकसमोर उभं राहून केबल शोधणाऱ्याला हेच पाहिजे असतं. केबलला दिशा नसते म्हणून फाइलीच्या सुरुवातीला ग्राफ लिहायचं, डायग्राफ (दिशा असलेला ग्राफ) नाही, आणि दोन नावांमध्ये दोन डॅश, बाण टाकला तर एरर. आयपी ॲड्रेस किंवा मध्ये डॅश असलेलं नाव डबल कोटमध्येच घालायचं, स्क्रिप्टमध्ये सरसकट सगळ्याच नावांना कोट लावून टाका. स्ट्रिक्ट हा शब्द वापरू नका, दोन स्विचमध्ये ॲग्रिगेशनच्या, म्हणजे एकच जोडणी म्हणून चालणाऱ्या, दोन केबली असतील तर चित्रात एकच उरते. मजल्याप्रमाणे किंवा इमारतीप्रमाणे चौकट हवी तर सबग्राफचं (आतल्या गटाचं) नाव क्लस्टर या शब्दाने सुरू व्हायला पाहिजे, नाहीतर चौकट सहसा येत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. तक्त्यात एक ओळ वाढली की अख्खं चित्र वेगळं मांडलं जाऊ शकतं, काल डावीकडे असलेला सर्व्हर आज उजवीकडे, आणि ज्यांना चित्र पाठ झालंय ते वैतागतात. ग्राफविझच्याच नीटो या मांडणी करणाऱ्या इंजिनमध्ये जागा देऊन पुढे उद्गारचिन्ह टाकलं की तो चौकोन तिथेच राहतो, त्यामुळे कोअर स्विच आणि फायरवॉल तेवढे असे पक्के करा, बाकीचे फिरू देत. मराठीत लेबलं हवी असतील तर देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट द्या आणि वाटायला पीडीएफ काढा, एसव्हीजी या चित्राच्या फाइलीत फॉन्ट सोबत जात नाही, समोरच्याकडे तो नसेल तर अक्षरं चौकोनाबाहेर येतात.

मर्मेड हेही मजकुरावरून चित्र काढणारं टूल, शिकायला सगळ्यात सोपं, आणि 2022 पासून गिटहबवर मार्कडाउन फाइलीत लिहिलं की तिथेच चित्र दिसतं, वेगळी फाइल बनवावी लागत नाही. दहा-पंधरा यंत्रांचं लहान ऑफिस असेल, डॉक्युमेंटेशन गिटमध्येच असेल, तर हेच घ्या, ग्राफविझच्या भानगडीत पडूच नका. पण फ्लोचार्टमध्ये लाइनीला लेबल मधोमध एकच मिळतं, दोन्ही पोर्ट त्यातच कोंबावे लागतात. डीफॉल्ट मर्यादा 500 लाइनींची आहे, सेटिंगमध्ये वाढवता येते, पण तेवढ्या लाइनींचं मर्मेडमधलं चित्र वाचवत नाही. एसव्हीजी इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडलं तर बहुतेक वेळा लेबलं गायब असतात. कमांड लाइनवरून चालवायचं तर मागे क्रोमियम ब्राउझर लागतो, जुन्या सर्व्हरवर ते जड जातं.

डीटू हे त्याच जातीचं टूल 2022 मध्ये ओपन सोर्स झालं, दिसायला देखणं, आणि लाइनीच्या दोन्ही टोकांना लेबल त्यातही देता येतं. नव्याने सुरुवात करत असाल आणि बॉसला दाखवायचं चित्र हवं असेल तर जरूर बघा, फक्त त्याचं टाला हे लेआउट इंजिन विकतचं आहे, सोबत येणारी डॅगर आणि ईएलके फुकट.

केबल नको, कुठल्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या भागात) कोण आहे एवढंच दाखवायचंय? मग प्लांटयूएमएल या टूलमधला एनडब्ल्यूडायग हा नेटवर्क-चित्राचा प्रकार. प्रत्येक नेटवर्कची आडवी पट्टी, तिला लटकलेली यंत्रं, जोडणीवर आयपी. हॉटेलात पाहुण्यांचं वायफाय, बिलिंग आणि सीसीटीव्ही वेगळे आहेत हे मॅनेजरला समजावायला याच्याइतकं स्वच्छ चित्र मी दुसऱ्या कशात पाहिलं नाही. तक्ता मात्र वेगळा लागतो, ओळीत नेटवर्क, यंत्र आणि ॲड्रेस.

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांना त्याच्या ऑर्ग मोडमध्ये तक्ता, कोड आणि चित्र एकाच फाइलीत ठेवता येतं, तक्त्याला नाव द्यायचं, खालच्या कोड ब्लॉकला तो व्हेरिएबल म्हणून द्यायचा, त्यातून डॉटचा (ग्राफविझच्या भाषेतला) मजकूर, त्यातून चित्र. वापरायला खूप सुख आहे, पण फक्त यासाठी ईमॅक्स शिकू नका, आणि टीममधले बाकीचे एक्सेल उघडणारे असतील तर सीएसव्हीच बरी.

चौकोन शेवटी हातानेच सरकवायचे असतील तर ड्रॉ डॉट आयओ सीएसव्ही इम्पोर्ट करतं, पण सरकवलेलं पुढच्या इम्पोर्टला परत करावं लागू शकतं.

आणि काहीही निवडा, आतले आयपी आणि फायरवॉलची नावं कुठल्या ऑनलाइन एडिटरमध्ये पेस्ट करू नका, वरची सगळी टूल्स आपल्याच मशीनवर चालवता येतात.