रेस्टिक: बॅकअप उत्तम, पण 'चेक' नीट चालवा

वर्षानुवर्षांचे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, रेकॉर्डिंग असं सगळं सांभाळायचं असेल तर रेस्टिक हा बॅकअप प्रोग्रॅम जरूर वापरा. मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि एकाच फाइलमध्ये अख्खा प्रोग्रॅम मावतो. मात्र सगळं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, टाइप करावं लागतं.

याची खरी ताकद तुकडे पाडण्यात आहे. प्रत्येक फाइलचे आतल्या मजकुरानुसार सरासरी १ एमबीचे तुकडे होतात आणि एकसारखा तुकडा एकदाच साठतो. ४० जीबीच्या फोल्डरचं नाव बदललंत, तर पुढच्या वेळी फाइली पुन्हा वाचल्या जातील, पण बॅकअपच्या डिस्कवर जवळजवळ काहीच नवं लिहिलं जाणार नाही. २०२२च्या ०.१४ आवृत्तीपासून कॉम्प्रेशनही (डेटा दाबून लहान करणं) आहे. जेपीईजी आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असल्याने तिथे त्याचा उपयोग नाही.

बॅकअपचा सगळा साठा एनक्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाही. पासवर्ड विसरलात तर तो उघडायचा कोणताही मार्ग नाही. म्हणून 'इनिट' (साठा पहिल्यांदा तयार करणारी आज्ञा) झाल्या झाल्या 'की अ‍ॅड' या आज्ञेने दुसरा पासवर्ड जोडा आणि कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवा.

जुने स्नॅपशॉट (प्रत्येक वेळी घेतलेले बॅकअप) 'फर्गेट'ने काढले तरी डिस्कवर जागा मोकळी होत नाही. त्यासाठी 'प्रून' लागतं. ७ दैनिक, ४ साप्ताहिक, १२ मासिक स्नॅपशॉट ठेवायचे हा नियम घरगुती साठ्याला पुरतो. पण 'फर्गेट' हा नियम मशीन आणि बॅकअप घ्यायच्या फोल्डरांची यादी यांच्या जोडीनुसार लावतं. यादीत एक फोल्डर वाढवलात की नवा गट सुरू होतो आणि जुन्या गटातले स्नॅपशॉट तसेच पडून राहतात. जागा का भरतेय हे कळत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

सगळ्यात जास्त फसगत 'चेक'मध्ये होते. नुसतं 'चेक' साठ्याची रचना तपासतं, तुमच्या फोटोंचा डेटा वाचत नाही. डिस्क आतून खराब होत असली तरी ते 'नो एरर्स' म्हणू शकतं. त्याला 'रीड-डेटा-सबसेट' हा डेटाचा ठरावीक भाग वाचणारा पर्याय जोडा: पहिल्या महिन्यात १/१२, दुसऱ्यात २/१२, असं करत वर्षभरात सगळा साठा एकदा वाचून होतो. शिवाय अधूनमधून एखादं फोल्डर 'रिस्टोअर'ने रिकाम्या जागी काढा, 'व्हेरिफाय' पर्याय लावून, आणि चार-दोन फाइली उघडून बघा. साठा फोल्डरसारखा उघडून दाखवणारं 'माउंट' विंडोजवर चालत नाही. तिथे 'एलएस' या आज्ञेने फाइलींची यादी बघून हवी ती फाइल काढावी लागते.