कामगार घरी, पगाराचे काय? ‘कोरोना रक्षक’ आणि ईएसआय यांचे परीक्षण

2020च्या जुलैमध्ये ‘कोरोना रक्षक’ ही पॉलिसी बाजारात आली, तेव्हा वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्यासारख्या लहान कारखानदारांना ती मोठा आधार वाटली होती. प्रेस मशिनवरचा ऑपरेटर बाधित झाला की तो दोन आठवडे घरी, त्याच्या शेजारी काम करणारे विलगीकरणात, आणि ऑर्डर मात्र वेळेवर द्यायची. अशा वेळी एकरकमी पैसे देणारा विमा कोणाला नको असेल? आम्ही प्रत्येक ऑपरेटरच्या नावे ही पॉलिसी काढली आणि हप्ता कारखान्याने भरला.

पॉलिसीची रचना सोपी होती. विम्याची रक्कम 50 हजार ते अडीच लाख रुपये, मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने, आणि सुरुवातीचे 15 दिवस संरक्षण नाही. बिले जोडण्याची कटकट नव्हती, कारण दावा मान्य झाला की पूर्ण रक्कम एकदम मिळत असे. मात्र त्यासाठी रुग्णाला सलग किमान 72 तास रुग्णालयात दाखल असावे लागे, आणि आमच्या दृष्टीने सारे घोडे याच अटीपाशी अडले. बहुतेक तरुण कामगारांना सौम्य लक्षणे होती आणि ते घरीच बरे झाले. 2021च्या एप्रिलमध्ये तर खाट मिळणेच दुरापास्त होते. मजुरी बुडाली, पण पॉलिसीनुसार देणे काहीच निघाले नाही. विमा कंपनीने यात फसवणूक केली असे मी म्हणणार नाही, कारण अट छापील होती. रुग्णालयातील संकटासाठी हे उत्पादन चांगलेच होते, परंतु कामावरच्या खाड्यासाठी ते बनलेलेच नव्हते.

याउलट ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, हिच्या ज्या कपातीबद्दल कामगार आणि मालक दोघेही कुरकुरतात, तिचा ‘आजारपण लाभ’ नेमका खाड्याचा आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर सरासरी दैनिक वेतनाच्या 70 टक्के रक्कम, वर्षाला कमाल 91 दिवसांपर्यंत, थेट कामगाराच्या खात्यात जमा होते. त्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याची गरज नाही. पंधरा हजार वेतनावर मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 487 रुपये 50 पैसे आणि कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 112 रुपये 50 पैसे, असे दरमहा 600 रुपये भरले जातात. हाच कामगार 14 दिवस घरी राहिला, तर पहिले दोन दिवस वगळून, ढोबळ हिशेबाने दिवसाला 350 रुपयांप्रमाणे 4,200 रुपये त्याला मिळतात. रक्कम लहान आहे, पण घरभाडे आणि किराणा तिच्यावरच निघतो, हे आमच्या भागात खोल्या करून राहणाऱ्या जालना-परभणीकडच्या मुलांच्या बाबतीत मी जवळून पाहिले आहे. शिवाय औषधोपचाराचा लाभ कुटुंबालाही मिळतो.

या योजनेतील उणिवाही खऱ्या आहेत. दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापना सहसा तिच्या कक्षेत येत नाही आणि 21 हजारांवर वेतन असलेला कुशल कारागीर बाहेर राहतो. सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांचे अंशदान (वेतनावर दरमहा भरली जाणारी वरील रक्कम) लागते, त्यामुळे नुकताच रुजू झालेला कामगार, म्हणजे ज्याच्या गाठीला काहीच नसते तोच, वंचित राहतो. ही अट साथीच्या काळासाठी तरी सैल असावी, असे माझे ठाम मत आहे.

बदली कामगाराचा खर्च मात्र या दोहोंपैकी कोणीच देत नाही. आगीच्या विम्याला जोडून मिळणारे बुडालेल्या नफ्याचे संरक्षणही सामान्यतः मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यावरच लागू होते. माणसे आजारी पडून यंत्र थांबले तर नाही. म्हणून ज्यांना ईएसआय लागू आहे, त्यांनी ती पाया मानून दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत अंशदान भरावे, आणि पहिल्या दोन दिवसांचा पगार व उरलेले 30 टक्के देता येतील एवढा निधी कारखान्याच्या खात्यात वेगळा ठेवावा. रुग्णालयाचा विमा त्यानंतर घ्यावा, आणि घेताना घरी होणाऱ्या उपचारांबाबतचे कलम आधी वाचावे.